ज्वारीच्या पोत्यातली शर्यत

१

मिनाजची चिठ्ठी शंभर टक्के बरोबर निघाली, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

नोव्हेंबरातला पहिला मंगळवार. कळंबच्या मोंढ्यात बाबामियाँच्या धान्याच्या दुकानात, हरभऱ्याच्या थप्पीला टेकवून ठेवलेल्या टीव्हीवर मेलबर्नची मोठी शर्यत नुकतीच संपली होती. शर्यत खरं तर सकाळीच झाली होती. हे लोक तिचं रेकॉर्डिंग संध्याकाळी पाच वाजता बघत होते. त्याचं कारण पुढं येईलच, आणि ते ऐकून कुणाचं समाधान होईल असं नाही.

कळंब आंतरराष्ट्रीय अश्वशर्यत मतभेद मंडळाचे अध्यक्ष बब्रुवान सर, वय सदुसष्ट, निवृत्त शिक्षक, यांनी पत्र्याचा डबा उघडून चार चिठ्ठ्या बाहेर काढल्या. चौघांनी आदल्या दिवशी लिहून टाकलेले अंदाज. पहिली चिठ्ठी सरांची स्वतःची. त्यातला एक घोडा सतरावा आला होता, दुसरा विसावा, आणि तिसरा अजून पळत असावा. बाबामियाँचा एक घोडा कसाबसा नववा. धुळाप्पानं लिहिलेला जपानी घोडा चौथा.

"चौथा, पण वेळेवर," धुळाप्पा म्हणाला.

मग सरांनी शेवटची चिठ्ठी उलगडली. "कुमारी मिनाज. पहिला कोबाल्ट बेल. दुसरा मिस्टर पम्पकिन. तिसरा सदर्न लँटर्न. कारण : कोबाल्ट बेलवर वजन कमी. दोन मैलांच्या शर्यतीत शेवटच्या वळणापर्यंत दम राखतो. हॅलोरनचा हात हलका. शिवाय आजी आयरिश."

तिन्ही घोडे, त्याच क्रमानं. मंडळाच्या अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"माशाल्ला!" बाबामियाँ ओरडले. त्यांच्या बायकोनं, नूरजहाँचाचीनं, मूठभर डाळं मिनाजच्या डोक्यावरून उधळलं. दाराबाहेर स्टुलावर बसलेली मिनाज मात्र हसत नव्हती. ती चिठ्ठीकडं बघत होती.

"थांबा," धुळाप्पा म्हणाला. "ह्यात हॅलोरन कसा आला?"

"घोड्यावर बसून आला," बाबामियाँ म्हणाले.

"तसं न्हाय चाचा. कोबाल्ट बेलवर डॉसन बसणार व्हता. त्यो आज सकाळी तिथल्या पहिल्या शर्यतीत पडला, गळपट्टीचं हाड मोडलं, म्हणून ऐन टायमाला हॅलोरनला बसवलं. आत्ता टीव्हीवर सांगितलं की. डब्याला तर काल संध्याकाळी सहा वाजताच कुलूप लागलं." धुळाप्पानं मान खाली घातली. "मग हिला काल कसं ठाऊक, की आज सकाळी डॉसन पडनार हाय?"

उधळलेलं डाळं अजून घरंगळत होतं.

"म्हणजे ही चिठ्ठी निकाल बघून लिहिली," सर हळू आवाजात म्हणाले. "मिनाज, मला फार वाईट वाटतंय."

मिनाज उठून उभी राहिली. "सर, ती चिठ्ठी मी लिहिलेलीच नाही."

२

कोपऱ्यात बसलेल्या राजेश्वरीनं पर्समधून पेन काढलं.

राजेश्वरी कळंब बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. चौदा वर्षं. त्या खिडकीतून तिला माणसांनी गाड्यांच्या वेळा विचारल्या होत्या, हरवलेले नवरे विचारले होते, एकदा तर एका आजोबांनी स्वतःचं गावही विचारलं होतं, आणि तिनं ते शोधून दिलं होतं. कोणता घोडा जिंकतो याच्याशी तिला काडीचंही देणंघेणं नव्हतं, म्हणून मंडळानं तिला तटस्थ निरीक्षक नेमलं होतं. दुकानात बसायला दुसरी जागा नसल्यामुळं तिला इलेक्ट्रॉनिक काट्यावर बसवलं होतं. समोरच्या लाल आकड्यांप्रमाणं मंडळाचा तटस्थपणा बासष्ट किलो चारशे ग्रॅम भरत होता.

मंडळ म्हणजे तीन सभासद. तिघांपैकी कुणीही रेसकोर्स पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं मतं एकदम पक्की होती.

बाबामियाँ दुबईवाले. त्यांचा पुतण्या मुजीब तिकडं कामाला. "वाळूवर पळतो तो घोडा," ते म्हणायचे. "गवत खायला असतंय."

बब्रुवान सर युरोपवाले. गवत, चढउतार, दोनशे वर्षांची परंपरा. जगात कुठंही कुठलाही घोडा जिंकला, की सर वंशावळ धुंडाळून त्याची एक आजी आयर्लंडची काढायचे आणि विजय युरोपच्या खात्यात टाकायचे. मात्र प्रत्यक्ष घोड्याला ते भयंकर घाबरत. रस्त्यात टांगा दिसला तरी बोळात शिरत.

धुळाप्पा जपानवाला. "जपानचा घोडा हरला तरी शिस्तीत हरतोय," असं त्याचं म्हणणं. त्याच्याकडं वरातीची पांढरी घोडी होती, नाव टोकियो. प्रत्यक्ष घोडी बाळगत असल्यामुळं त्याच्या मताला मंडळात किंमत जरा कमीच होती. रोज घोडा बघून माणसाची दृष्टी कोती होते, असं सरांनी एकदा इतिवृत्तात लिहून ठेवलं होतं.

आणि मिनाज. वय तेवीस, बसस्थानकासमोर झेरॉक्सचं दुकान. तिचं मत मेलबर्न. तिथं चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात आणि साध्याला कमी, म्हणजे कुणीही जिंकू शकतं, हे तिला आवडायचं. "ही शर्यत आहे की रेशनचं दुकान?" असं सर म्हणायचे. ती चार वर्षं दाराबाहेरच्या स्टुलावर बसून बोलत होती आणि चार वर्षं तिचं प्रत्येक वाक्य कुणीतरी "पण बाळ" म्हणून तोडत होतं. मंडळाच्या लेखी घटनेप्रमाणं तिन्ही घोडे बरोबर आले तरच तिला उंबऱ्याच्या आत, सभासद म्हणून जागा मिळणार होती. आणि क्रमही बरोबर आला, तर विजेत्याचा खरा मान. पैसे नाहीत, ढाल नाही. एक वर्ष पणबंदी. विजेत्याच्या मताला वर्षभर कुणी "पण" म्हणायचं नाही.

अकरा वर्षांत हा मान कुणालाच मिळाला नव्हता. सर्व सभासद अकरा वर्षं एकमेकांना "पण" म्हणत आले होते.

निकालानं मत नासू नये म्हणून शर्यत एकत्रच बघायची, आणि एकत्र म्हणजे मोंढ्यातली कामं उरकल्यावर, पाचला. तोवर कुणाला निकाल कळू नये म्हणून सकाळी नऊला सगळ्यांचे मोबाइल बाबामियाँच्या उंबऱ्यालगतच्या एका ठरलेल्या ज्वारीच्या पोत्यात पुरायचे. डब्याची किल्ली टोकियोच्या गळ्यात, घुंगरांच्या पट्ट्याला. कारण मंडळात तीच एक अशी होती जिला काही मत नव्हतं.

आज पाचला सगळ्यांनी पोत्यात हात घालून आपापले मोबाइल उकरले, तेव्हा राजेश्वरी तिथंच होती. मिनाजच्या फोनवर एकोणीस मिस्ड कॉल होते, धुळाप्पाच्या सात, बाबामियाँच्या चार, चारही मुजीबचे. सरांनी आपल्या चामडी कव्हरवरची ज्वारी झटकली आणि ते सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"घटनेप्रमाणं," सर आता सांगत होते, "मतचोरीची नोंद शाईनं होते. नाव, तारीख, आणि कायमची बंदी. नोंद एकदा झाली की खोडता येत नाही. मंडळात कुठलंही मत फाडत नाहीत आणि कुठलंही वाक्य खोडत नाहीत."

मिनाजचा चेहरा उतरला. जिच्या दुकानात अख्ख्या तालुक्याचे दाखले, उतारे, परीक्षेचे फॉर्म विश्वासानं येतात, तिच्या नावावर खोट्या कागदाची नोंद. उद्या सकाळपर्यंत मोंढ्यातल्या हमालांनाही हे कळलं असतं.

"नोंद किती वाजता करणार?" राजेश्वरीनं विचारलं.

"सात वाजता. सभा सातला संपते."

राजेश्वरीनं घड्याळ बघितलं. पावणेसहा. तिची येडशीची गाडी सात दहाला होती.

"मग सव्वा तास आहे," ती म्हणाली. "एवढ्यात मी लातूर आगाराचं वेळापत्रक पाठ केलंय."

ती काट्यावरून उठली. आकडा शून्यावर आला, आणि दुकानात पहिल्यांदा सगळ्यांना जरा भीती वाटली.

३

पहिला प्रश्न अक्षराचा. चिठ्ठी पेनानं लिहिलेली होती, सुंदर, वाटोळ्या अक्षरात.

"हे तुझंच अक्षर," राजेश्वरी मिनाजला स्टुलाजवळ म्हणाली.

"माझंच आहे ताई. पण तुमचं कसं आहे?"

राजेश्वरीनं हातातल्या कागदावर "कोबाल्ट बेल" लिहून बघितलं. हुबेहूब. बब्रुवान सरांनी छत्तीस वर्षं शाळेत मुलांचं अक्षर वळवलं होतं, त्यामुळं कळंबात निम्म्या गावाचं अक्षर एकच होतं. धुळाप्पा सरांचा विद्यार्थी. बाबामियाँच्या चिठ्ठ्या चाची लिहायच्या, आणि चाची सरांच्या प्रौढ साक्षरता वर्गात पहिल्या आलेल्या. कळंबच्या बँकेत सह्या जुळत नाहीत अशी तक्रार कधी नसते. सगळ्याच जुळतात, ही तक्रार असते.

"तू काय लिहिलं होतंस?"

"हेच तीन घोडे. ह्याच क्रमानं." मिनाजनं स्टूल जवळ ओढलं. "फक्त मी डॉसन लिहिलं होतं ताई. आणि शेवटी एक वाक्य होतं, ते आत्ता सांगत नाही. सर ऐकतील."

राजेश्वरी क्षणभर थांबली. म्हणजे पोरगी खरंच जिंकली होती. कुणीतरी बरोबर चिठ्ठी काढून तिच्या जागी तिच्याच नावाची आणखी बरोबर चिठ्ठी ठेवली होती.

असं कोण करतं?

आतल्या बाजूला चाची पीठ चाळत होत्या. राजेश्वरी त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"डबा दिवसभर फळीवरच होता, चाची?"

"और कहाँ जाएगा? हे दहा ते अकरा सौद्याला गेलते. मी मागं सैपाकात. दुकान उघडंच. आमच्या दुकानात चोरायला आहे काय, ज्वारी? ती उचलूस्तोवर चोर म्हातारा व्हायचा."

"पोत्यातले फोन?"

"अगं माय, दिवसभर वाजतंय पोतं! मिनाजचं गाणं, धुळाप्पाचं ढोल, ह्यांची अजान. तीन गिऱ्हाइकं घाबरून परत गेली." चाचींनी चाळणी थांबवली. "आणि एक सांगू? हसशील तू. दुपारी त्याच पोत्यातली वरची चार मापं दळून आणली. तर भाकरीला चंदनाचा वास."

"चंदनाचा?"

मागून बाबामियाँ खोकले. ते जरा लाजले होते. "मला वाटलं, हिनंच अत्तर लावलंय. माझ्यासाठी. मी तीन भाकरी खाल्ल्या."

"चाळीस वर्षांत अत्तर लावलं नाही, आज लावीन?" चाची म्हणाल्या.

राजेश्वरीनं चाळणीतलं पीठ नाकाशी नेलं. खरंच चंदन. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचा वास.

मग ती हळूच म्हणाली, "चाची, पोत्यात फोन किती होते?"

"चार."

"आणि वाजले किती?"

चाचींनी बोटं मोजली. एकदा. परत एकदा. आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

४

"श्श," राजेश्वरीनं ओठावर बोट ठेवलं आणि ती बाहेर आली.

दुकानासमोर टोकियो उभी होती, गळ्यात घुंगरांचा पट्टा, पट्ट्याला छोटी पितळी किल्ली. धुळाप्पा तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. त्याचा चेहरा पडलेला होता.

"ताईसाब, म्या उगं बोललो. गप बसलो असतो तर पोरगी आत आली असती."

"खरं बोललास. त्यात चूक काय? सकाळी कुठं होतास?"

"साडेनऊ ते साडेअकरा बँकेत. केवायसी. माझ्या सहीसारख्या सतरा सह्या निघाल्या." त्यानं घोडीकडं बघितलं. "ही हितंच बांधली व्हती."

"तिच्या गळ्याला कुणी हात लावू शकतं?"

"गूळ दिला की कुणीबी. न्हाय दिला की चावती. लई तत्त्वाची हाय."

राजेश्वरी वाकली. घोडीच्या पायाशी, मातीत, गुळाचे खडे पडले होते. एक नाही, दोन नाही, सात-आठ. घोडीपासून चार हात लांब एक, मग तीन हातांवर एक, मग दोन. मुंग्यांनी सगळ्यांना जोडून एक सरळ रेघ काढली होती. कुणीतरी लांबून गूळ फेकत फेकत, पाऊल पाऊल जवळ आलं होतं.

"तू गूळ असा देतोस?"

"म्या तोंडात देतो की. फेकायचा कशाला? ही काय कुत्री हाय?"

"चाचा?"

"चाचा तिला पेंड चारत्यात. रोज. मुका घेत्यात तिचा."

राजेश्वरी त्या मुंग्यांच्या रेघेकडं बघत राहिली. चौकशीच्या खिडकीत तिनं एक गोष्ट शिकली होती. माणूस काय विचारतो यापेक्षा तो खिडकीपासून किती लांब उभा राहून विचारतो, यावरून त्याचं खरं काम कळतं.

"आत चल," ती म्हणाली. "आणि घोडीला दारातच उभी कर. तिची साक्ष लागेल."

"ती काय बोलनार?"

"बघू."

५

साडेसहा. सगळे दुकानात गोळा झाले, मिनाज दाराबाहेर तिच्या स्टुलावर. सरांच्या मांडीवर मंडळाची जाड वही, शेजारी त्यांची कापडी पिशवी. पेनाचं टोपण त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं.

"बोला राजेश्वरी. कुणी केलं?"

"सर, एसटीत गाडीचा नंबर आठवडाभर आधी कळतो. चालक कोण, ते सकाळी ड्यूटी लागल्यावर. चालकाचं नाव आदल्या संध्याकाळी सांगणारा माणूस एक तर ज्योतिषी असतो, नाहीतर गाडी येऊन गेल्यावर बोलत असतो. म्हणजे ही चिठ्ठी आज लिहिली, हे धुळाप्पाचं बरोबर."

मिनाज स्टुलावरून अर्धवट उठली.

"आता बघा. मिनाजनं निकाल बघून चिठ्ठी बदलली असती, तर ती घोड्यांची नावं लिहून गप्प बसली असती. ती चार वर्षं शर्यती बघतेय. डॉसन पडला, हे तिला कळलं नसतं का? हॅलोरनचं नाव लिहिणं म्हणजे चोरानं जाताना आपल्या आधार कार्डाची झेरॉक्स ठेवून जाणं. आणि झेरॉक्सचं काय असतं, ते तिला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं."

"मग लिहिलं कशाला?" बाबामियाँ म्हणाले.

"पकडलं जावं म्हणून. चाचा, चिठ्ठी गायब केली असती तर मिनाजनं आरडाओरडा केला असता. चुकीची ठेवली असती, तर तिनं घोडे तोंडानं सांगितले असते. पण तिचंच उत्तर ठेवून त्यात एक नाव जास्तीचं बरोबर घातलं, तर बरोबर असणं हाच तिचा गुन्हा ठरतो. फार हुशारीचं काम आहे. शिक्षकाचं डोकं लागतं त्याला."

सरांनी चष्मा सारखा केला. "राजेश्वरी, मी घोड्याजवळ जात नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शिवाय माझे तिन्ही घोडे आपटले. डबा मीच उघडला असता, तर निदान माझी चिठ्ठी सुधारली असती!"

त्यात तथ्य होतं. धुळाप्पानं मान डोलावली. बाबामियाँनीही. मिनाजसुद्धा क्षणभर गोंधळली.

"तिथंच मीही अडले होते," राजेश्वरी म्हणाली. "मग मी चिठ्ठी परत वाचली. दुसऱ्याच्या नावानं खोटं लिहायला बसलेला माणूस. वेळ कमी. नावं लिहिली, वजन लिहिलं, हॅलोरन लिहिला. काम झालं होतं. तिथं थांबायचं. पण त्याला थांबता येईना. कारण एक घोडा जिंकला होता, आणि त्याचं श्रेय मेलबर्नला जाणार होतं." तिनं चिठ्ठी उंच धरली. "शिवाय आजी आयरिश."

मग बाबामियाँ हळूहळू सरांकडं वळले. मग धुळाप्पा. मग चाची, हातात चाळणी घेऊन.

"आजी कुणीही लिहील," सर म्हणाले. आवाज जरा चिरका झाला होता.

"अकरा वर्षांत दुसऱ्या कुणी लिहिली आहे का? वही तुमच्याच मांडीवर आहे."

सरांनी वही घट्ट धरली. "आणि मला निकाल कसा कळला? माझा मोबाइल पोत्यात होता! सगळ्यांच्या देखत काढला मी."

"बरोबर. आठ तासांनी हातात आलेला मोबाइल तुम्ही न बघता खिशात टाकलात. तुमची लेक अर्पिता पुण्याहून रोज बारा वाजता फोन करते. आज पोतं तीनच तऱ्हांनी वाजलं, तुमच्या फोनचा बिगूल काही वाजला नाही." राजेश्वरीनं आपला फोन काढला. "बघू या, आता तरी वाजतो का."

तिनं नंबर लावला.

सरांचा हात छातीवर गेला, खिशातल्या चामडी कव्हरवर. तिथं काहीच वाजलं नाही.

मग कापडी पिशवीतून, खणखणीत, शर्यत सुरू होताना वाजतो तसा बिगूल वाजला.

आणि दारातल्या टोकियोनं कान टवकारले. अठरा लग्नसराया पाहिलेली ती घोडी. पिपाणी वाजली की नाचायचं, एवढंच तिला आयुष्यात शिकवलेलं. तिनं पुढचे दोन्ही पाय उचलले आणि बाबामियाँच्या उंबऱ्यावर झोकात नाचायला सुरुवात केली. घुंगरं, किल्ली, बिगूल, सगळं एका ठेक्यात. हरभऱ्याची वरची दोन पोती खाली आली. मोंढ्यातले हमाल पळत आले, आणि कुणाचं लग्न आहे म्हणून विचारू लागले.

"फोन बंद करा वो ताईसाब!" धुळाप्पा ओरडला. "न्हायतर ही आता घोडदौड घेतीय!"

राजेश्वरीनं सावकाश, पूर्ण रिंग होऊ देऊन, फोन बंद केला.

६

खिशातल्या चामडी कव्हरमधून चंदनाच्या साबणाची वडी निघाली. एका बाजूला ज्वारीचे चार दाणे रुतून बसले होते.

"मी तीन भाकरी खाल्ल्या," बाबामियाँ म्हणाले. त्यांना सगळ्यात जास्त हेच लागलं होतं.

पिशवीतून मोबाइल निघाला. राजेश्वरीनं हात पुढं केला आणि सरांनी मंडळाची वहीही तिच्या हातात दिली. तिनं मागचं पुठ्ठ्याचं पान उलटलं. तिथं, व्यवस्थित डिंक लावून, एक चिठ्ठी चिकटवलेली होती. वर लाल शाईत तारीख.

"तुम्ही ही फाडून का नाही टाकलीत सर?" मिनाजनं विचारलं.

सर दुखावले गेले. "मंडळात कुठलंही मत फाडत नाहीत."

राजेश्वरीनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "पहिला कोबाल्ट बेल, दुसरा मिस्टर पम्पकिन, तिसरा सदर्न लँटर्न. कारण : वजन कमी. डॉसन त्याला मागं धरून ठेवतो आणि वळणावर सोडतो. कोबाल्ट बेलची आजी कोण होती हे मला माहीत नाही. शर्यतीत आजी पळत नसते."

धुळाप्पाला हसू आवरेना. त्यानं तोंड घोडीच्या मानेत खुपसलं.

"डॉसन लिहिलंय," राजेश्वरी म्हणाली. "म्हणजे डॉसन पडायच्या आधीची चिठ्ठी. कालची. खरी."

सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "मी माझीच चिठ्ठी बदलायला गेलो होतो. अकरा वर्षं. एकदा तरी वाटलं, एक वर्ष कुणी मला 'पण' म्हणू नये. निकाल घरीच बघितला, इथं आलो, डबा उघडला. वर हिची चिठ्ठी होती. ती वाचली. शर्यतीत आजी पळत नसते! अकरा वर्षांचं माझं संशोधन, एका ओळीत. इतका संताप आला की तिथंच बसून ती दुसरी चिठ्ठी लिहिली, आणि माझी बदलायचंच राहून गेलं."

"आणि किल्ली?" धुळाप्पानं विचारलं. "तुमी टोकियोला हात लावला?"

सरांनी आपला उजवा हात उघडून बघितला, जणू त्यावर अजून काही लागलेलं असावं.

"गूळ संपला शेवटी. मग डोळे मिटले आणि लावला." त्यांचा आवाज एकदम बदलला. "धुळाप्पा, गरम असतो रे घोडा. आणि आत काहीतरी धडधडत असतं. पुस्तकात कुठंच लिहिलेलं नाही."

चाचींनी पदर नाकाला लावला. तो पिठामुळं की कशामुळं, ते समजलं नाही.

सात वाजायला पाच मिनिटं होती. "नोंद करायची," राजेश्वरी म्हणाली. "सभा सातला संपते."

सरांनी पेन उचललं. अक्षर तेच, सुंदर. आपलं नाव लिहिलं, तारीख लिहिली, "मतचोरी" लिहिलं, आणि "कायमची बंदी" लिहिण्यासाठी पेन टेकवलं.

"थांबा," मिनाज म्हणाली.

ती दाराबाहेर उभी होती. टोकियोच्या शेजारून पुढं आली, उंबऱ्यापाशी क्षणभर अडखळली, आणि चार वर्षांनी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. हमालांनी कशासाठी ते माहीत नसतानाही टाळ्या वाजवल्या. बाबामियाँनी गल्ल्यामागची आपली खुर्ची पुसून पुढं केली. मिनाज बसली, पाय जमिनीला टेकवून, पाठ ताठ करून.

"कायमची नको," ती म्हणाली. "सर गेले तर मी भांडू कुणाशी? एक वर्ष दाराबाहेरच्या स्टुलावर बसतील. आणि रोज सकाळी टोकियोला गूळ देतील. हातानं. फेकून नाही."

बाबामियाँचं तोंड उघडलं. "प..." ते म्हणाले, आणि नियम आठवून त्यांनी ते तसंच मिटलं. धुळाप्पानं ओठ दातांखाली दाबून धरले. अकरा वर्षांत मंडळात पहिल्यांदाच एक मत पूर्ण, सलग, शेवटपर्यंत ऐकलं गेलं. त्या नवलाईनं सगळे जरा दमले.

सर उठले. वही बगलेत धरून उंबऱ्याबाहेर गेले आणि स्टुलावर बसले. टोकियोनं मान वळवून त्यांच्या खिशाचा वास घेतला. ते दचकले, जागचे मात्र हलले नाहीत.

मिनाजनं घसा खाकरला. "जगात एक नंबरची शर्यत मेलबर्नची. कारण तिथं कमी वजनवाल्यालाही संधी असते."

बाबामियाँना घाम फुटला होता. दुबईची सगळी वाळू त्यांच्या घशात अडकली होती.

स्टुलावरून सरांनी बोट वर केलं, शाळेत पोरं करायची तसं. "मत मान्य आहे," ते फार जपून म्हणाले. "फक्त..."

सगळे चपापले. "फक्त"बद्दल घटनेत काहीच लिहिलेलं नव्हतं. धुळाप्पानं राजेश्वरीकडं बघितलं, राजेश्वरीनं घड्याळाकडं. सात वाजून एक मिनिट. येडशीची गाडी धावत गेलं तर मिळाली असती. तिचं पाऊल हलेना.

"'फक्त'पण बंद," मिनाज म्हणाली. "'तरीही' बंद. 'मात्र' बंद. लिहून घ्या सर."

बब्रुवान सरांनी मांडीवर वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि ज्या अक्षरात अर्धं कळंब लिहितं, त्या अक्षरात घटनेचं कलम सतरा लिहायला घेतलं.